कॉमन-लॉ स्पॉन्सरशिपचा अर्ज : कॅनडातल्या किचनरमधल्या नोंदी, २०२५

२ फेब्रुवारी

काल आम्हाला या घरात एकत्र राहायला लागून बारा महिने पूर्ण झाले. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांत कॉमन-लॉ जोडीदार म्हणजे किमान एक वर्ष सलग, दांपत्यासारखं एका घरात राहिलेली दोन माणसं. अर्ज त्यांच्याकडे पोचेल त्या दिवशी हे वर्ष भरलेलं असावं लागतं. अर्ज दिल्यावर पुढे कधीतरी भरून चालत नाही. म्हणून आजवर थांबलो होतो. आजपासून काम सुरू.

मी स्पॉन्सर, म्हणजे जोडीदाराला कॅनडाचा पीआर (कायम रहिवास) मिळावा म्हणून हमी देणारी, आणि हा, माझा जोडीदार, मुख्य अर्जदार. मी एक्स्प्रेस एन्ट्रीतून, म्हणजे कुशल कामगारांच्या मार्गाने, पीआर झाले. ज्यांना स्वतःला जोडीदार म्हणून स्पॉन्सर केलेलं असतं त्यांना पीआर मिळाल्यापासून पाच वर्षं दुसऱ्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येत नाही. ती अट मला लागू नाही. मी नागरिक नाही, त्यामुळे या काळात मला कॅनडातच राहावं लागेल. आई-वडिलांना स्पॉन्सर करताना लागते तशी किमान उत्पन्नाची अट जोडीदारासाठी नाही. हे अनेकांना माहीत नसतं आणि उगाच पगाराच्या काळजीने अर्ज लांबवला जातो.

आता ओळखीतले सगळे पहिल्यांदा विचारतात तो प्रश्न : लग्न का नाही करत? याचा घटस्फोटाचा दावा नाशिकच्या कुटुंब न्यायालयात चालू आहे, म्हणून. पहिलं लग्न कायद्याने उभं असताना दुसरं केलं तर ते मुळातच अवैध, शिवाय गुन्हा. पूर्वी भारतीय दंड संहितेचं ४९४ कलम होतं, जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ८२. कॅनडातही तो गुन्हाच आहे. निकाल लागल्यावरसुद्धा हिंदू विवाह कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं.

कॅनडाचा नियम इथे वाट मोकळी ठेवतो. कागदावर लग्न शिल्लक असलेला माणूसही दुसऱ्या कुणाचा कॉमन-लॉ जोडीदार होऊ शकतो. मात्र ते लग्न खरोखर मोडलेलं असलं पाहिजे आणि दोघं किमान वर्षभर वेगळे राहत असले पाहिजेत. हे वेगळं राहणंही सिद्ध करायचं आहे. म्हणजे आमच्याकडे दोन कामं आहेत. एक नातं आहे हे दाखवायचं आणि एक नातं संपलं आहे हे दाखवायचं.

लग्न झालेल्यांच्या हातात विवाह नोंदणीचा दाखला असतो. आम्हाला आमचा दाखला वर्षभराच्या कागदांतून उभा करायचा आहे. ते काम आम्ही नीट, मन लावून करणार आहोत. या नोंदी अशाच वाटेवरच्या मराठी माणसांसाठी लिहून ठेवते आहे. आमच्यासारखी बरीच जणं आहेत आणि ती बोलत नाहीत.

९ फेब्रुवारी

आज एकच निर्णय घेतला, पण तो महत्त्वाचा होता. अर्ज दोन वर्गांत करता येतो. एक, कॅनडातच राहणाऱ्या जोडीदारांचा वर्ग, ज्याला सगळे इनलँड म्हणतात. दुसरा फॅमिली क्लास, म्हणजे आउटलँड. नावावरून वाटतं तसं नाही. जोडीदार कॅनडात राहत असला तरी आउटलँड अर्ज करता येतो.

इनलँडमध्ये दोन अडचणी आहेत. अर्ज नाकारला गेला तर इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करता येत नाही. आणि अर्ज चालू असताना जोडीदार देशाबाहेर गेला आणि काही कारणाने परत येता आलं नाही, तर अर्जच धोक्यात येतो. याला साक्षीसाठी नाशिकला बोलावणं येऊ शकतं. काकूंचं, म्हणजे याच्या आईचं, वयही आता प्रवासाचं नाही, जावं लागेल ते यालाच. म्हणून आउटलँड. याचं वर्क परमिट पुढच्या वर्षापर्यंत आहे, त्यामुळे तिकडून घाई नाही. ज्यांचं परमिट संपत आलंय त्यांनी मे २०२३ मध्ये जाहीर झालेलं धोरण जरूर वाचावं. अर्जाची पोच आली की ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करता येईल असं परमिट, मागता येतं.

१६ फेब्रुवारी

दिवसभर कागद. एक वही केली आहे, महिन्याला एक पान. फेब्रुवारी २०२४ पासून जानेवारी २०२५ पर्यंत प्रत्येक पानावर त्या महिन्यात या पत्त्यावर याचं नाव असलेलं काय सापडतं आणि माझं काय, ते लिहीत गेलो.

घराचा भाडेकरार आधी माझ्या एकटीच्या नावावर होता. हा राहायला आला तेव्हा घरमालकीणबाईंनी ऑन्टारिओच्या ठरावीक भाडेकराराला पुरवणी जोडून याचं नाव घातलं होतं. त्यावर तिघांच्या सह्या आणि १ फेब्रुवारी २०२४ ही तारीख आहे. हा आमचा पाया. त्याच आठवड्यात याने ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता बदलला. ऑन्टारिओत पत्ता बदलल्यावर सहा दिवसांत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि याला अशा गोष्टी मागे ठेवायची सवय नाही. त्या सवयीचा आज उपयोग झाला. मार्चपासून भाडेकरूंचा विमा दोघांच्या नावावर. एप्रिलपासून जॉइंट खातं. विजेचं बिल माझ्या नावावर, इंटरनेटचं याच्या. दोन वेगळी बिलं, पत्ता एकच. याचा टी-फोर, म्हणजे वर्षाच्या पगाराचा कर-दाखला, याच पत्त्यावर आलेला.

इमिग्रेशन विभागाच्या चेकलिस्टमध्ये, म्हणजे आयएमएम ५५३३ या फॉर्ममध्ये, एकत्र राहण्याच्या पुराव्यांचे प्रकार दिले आहेत. घराची मालकी किंवा करार, जॉइंट खाती आणि बिलं, विमा, सरकारी ओळखपत्रांवरचा समान पत्ता. त्यातल्या किमान दोन प्रकारांतला पुरावा द्यावा लागतो. आमच्याकडे त्याहून जास्त आहे. तरी मी फक्त संख्येवर समाधान मानणार नाही. दिवसभर हे सगळं चाळल्यावर माझं मत असं झालंय की ज्या कागदाचा जन्म अर्जासाठी झालेला नाही, तो सगळ्यात वजनदार. उद्या आम्ही बसून कितीही सुंदर पत्र लिहिलं तरी गेल्या मार्चमध्ये विमा कंपनीने स्वतःच्या कामासाठी छापलेल्या कागदाची सर त्याला येणार नाही. म्हणून जे नुकते एकत्र राहायला लागले आहेत त्यांना कळकळीने सांगते, पहिल्या आठवड्यातच दोघांची नावं घराच्या करारावर आणा. वर्षाच्या शेवटी करू म्हणाल तर ते वर्ष कागदावर कधीच येणार नाही.

सप्टेंबर २०२४ चं पान अवघड होतं. काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हा काही आठवडे नाशिकला होता. घरच्या कारणाने किंवा कामासाठी थोड्या काळाची ताटातूट झाली तर वर्ष मोडलं असं धरत नाहीत. पण ती तात्पुरती होती हे दिसायला हवं. त्या पानावर जाण्या-येण्याचं तिकीट, बोर्डिंग पास, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि त्या दिवसांतली आमच्या फोनची यादी लावली. भाडं त्याही महिन्यात जॉइंट खात्यातून गेलं आहे.

२ मार्च

कर खात्याचं काम. कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीचीही कॉमन-लॉची व्याख्या बारा महिन्यांचीच आहे. ज्या महिन्यात वैवाहिक स्थिती बदलली त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत त्यांना कळवायचं असतं. आमच्यासाठी ३१ मार्च. आज दोघांनीही आपापल्या खात्यात बदल नोंदवला.

इथे एक बारीक गाठ आहे. २०२४ च्या रिटर्नमध्ये ३१ डिसेंबर २०२४ ची स्थिती लिहायची असते. त्या दिवशी आमचे बारा महिने भरले नव्हते. म्हणजे त्या रिटर्नवर मी अविवाहित आणि हा विभक्त असंच जाणार, आणि तेच खरं आहे. पण स्पॉन्सरशिपच्या अर्जावर आम्ही कॉमन-लॉ. अधिकाऱ्यासमोर हे दोन कागद शेजारी शेजारी आले की प्रश्न पडणारच. म्हणून सोबतच्या पत्रात तारखांसह एक परिच्छेद लिहून ठेवला. बदल नोंदवल्याची पोच त्याला जोडायची.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. इमिग्रेशनला एक वर्ष पुरतं, पण ऑन्टारिओच्या कौटुंबिक कायद्यात पोटगीचा हक्क यायला तीन वर्षं एकत्र राहावं लागतं, किंवा मूल असावं लागतं. मालमत्तेची विभागणी तर कॉमन-लॉ जोडीदारांना लागूच होत नाही. एकाच नात्याला तीन ठिकाणी तीन माप. बायकांनी विशेष करून हे माहीत करून घ्यावं.

१५ मार्च

नाशिकचे कागद आले. वकिलांनी दाव्याच्या अर्जाची आणि आजवरच्या रोजनाम्याची, म्हणजे कोर्टातल्या प्रत्येक तारखेच्या नोंदींची, नक्कल काढून पाठवली. दावा २०२३ मध्ये दाखल झाला. अर्जात दोघं कधीपासून वेगळे राहतात तो महिना लिहिलेला आहे, तोही समोरच्या बाजूने मान्य केलेला. आमच्या दृष्टीने ही ओळ सोन्याची. वेगळं राहण्याचा पुरावा म्हणून याचं एकट्याचं प्रतिज्ञापत्र चाललं असतं, पण ते याचंच म्हणणं ठरलं असतं. कोर्टाच्या कागदावर दोन्ही बाजूंचं म्हणणं आहे.

संमतीने घटस्फोट घ्यायचा तर हिंदू विवाह कायद्याच्या १३ ब कलमाखाली आधी एक वर्ष वेगळं राहणं आणि मग दोन अर्जांमध्ये सहा महिन्यांची वाट. ही सहा महिन्यांची अट कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. यांच्यात मात्र दागिने आणि सामानाच्या यादीवरून बोलणी अडली आणि दावा संमतीचा राहिला नाही. समुपदेशकाकडच्या बैठका झाल्या, आता तारखांवर तारखा पडतात. त्या बाईंबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. त्यांच्याही आयुष्याची ही वर्षं यातच चालली आहेत.

याच्या मनावर या कागदांचा ताण येतो हे दिसतं. रोजनामा वाचताना हा गप्प होतो. आज अर्धं वाचून बाकीचं मी वाचलं आणि तारखा मीच वहीत उतरवल्या. केसची पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या साइटवर सीएनआर क्रमांक टाकला की दिसते. ते पान तारखेसह छापून ठेवायचं.

नियमांत एक ओळ आहे ती याने नीट वाचून घेतली. वेगळे राहून वर्ष झालं असेल आणि स्पॉन्सर करणारी व्यक्ती दुसऱ्या कुणाची कॉमन-लॉ जोडीदार असेल, तर कागदावरच्या जोडीदाराला पुढे फॅमिली क्लासमधून बोलावता येत नाही. त्यांचं नाव मात्र अर्जात द्यायचंच. काहीही वगळायचं नाही, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे.

३० मार्च, पाडवा

सकाळी बाल्कनीत गुढी उभारली. दुपारी फोटो निवडायला बसलो. चेकलिस्टप्रमाणे जास्तीत जास्त वीस फोटो द्यायचे आणि मेसेज, चॅट वगैरेंची दहा पानं. फोनमध्ये हजारो फोटो असताना वीस निवडायचे म्हणजे विचार करावा लागतो.

नायगारासमोरचे, सीएन टॉवरचे सगळे बाजूला ठेवले. त्यात फक्त आम्ही दोघं आणि मागे पर्यटनस्थळ. घेतले ते असे : जुलैमध्ये आई-बाबा इथे आले होते तेव्हा हा आणि बाबा बाल्कनीत बसून मटार सोलताहेत. मंडळाच्या गणपतीत आम्ही दोघं प्रसादाच्या रांगेत वाढतोय, मागे ओळखीची चार कुटुंबं. हिवाळ्यात गाडीवरचा बर्फ काढताना घरमालकीणबाईंनी काढलेला. काकूंच्या ऑपरेशननंतर व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट, काकू पलंगावर, शेजारी हा आणि छोट्या चौकटीत मी. प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते.

दोघं दांपत्यासारखी राहतात का हे ठरवायच्या सात कसोट्या आहेत, त्या मनात ठेवून निवडले. १९८० मध्ये ऑन्टारिओतल्या मोलोडोविच विरुद्ध पेंटिनेन या खटल्यात त्या मांडल्या गेल्या : निवारा, वैयक्तिक आणि शारीरिक संबंध, घरकामाची वाटणी, सामाजिक वावर, समाजाची नजर, आर्थिक आधार, मुलं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये एम. विरुद्ध एच. या निकालात त्यांचा आधार घेतला आणि प्रत्येक जोडप्यात सातही असायलाच हव्यात असं नाही हेही सांगितलं. एम. आणि एच. या दोन स्त्रिया होत्या. त्यांच्या लढ्याचा फायदा आज आमच्यासारख्यांना मिळतो आहे हे मला विसरायचं नाही. जून २००२ मध्ये आत्ताचा इमिग्रेशन कायदा लागू झाला तेव्हा कॉमन-लॉ जोडीदार, स्त्री-पुरुष किंवा समलिंगी, सगळे फॅमिली क्लासमध्ये आले.

६ एप्रिल

आयएमएम ५५३२, नात्याची माहिती देण्याचा फॉर्म. हा सगळ्यात महत्त्वाचा आहे. बाकीचे फॉर्म माहिती मागतात, हा गोष्ट मागतो. कुठे भेटलात, पहिल्यांदा प्रत्यक्ष कधी, नातं कसं पुढे गेलं, एकमेकांच्या घरच्यांना कधी भेटलात.

आम्ही दोघांनी वेगवेगळं लिहिलं आणि मग एकत्र वाचलं. याने लिहिलं होतं की आम्ही एका मित्राच्या घरी भेटलो. मी लिहिलं होतं की तिथून परतताना बस चुकली आणि तासभर स्टॉपवर बोलत राहिलो. दोन्ही खरं. फॉर्ममध्ये दोन्ही घातलं. भाषा साधी ठेवली. प्रेमाची विशेषणं काढली, तारखा आणि प्रसंग ठेवले. इमिग्रेशन नियमांच्या चौथ्या कलमात दोन प्रश्न आहेत : नातं खरं नाही का, किंवा ते मुख्यतः इमिग्रेशनचं स्टेटस मिळवण्यासाठी जोडलं का. २०१० पासून यातल्या एकाचंही उत्तर होय आलं तरी अर्ज नाकारता येतो. म्हणून आम्ही भेटलो तेव्हा याच्याकडे स्वतःचं वैध परमिट होतं हे सुरुवातीलाच लिहिलं.

मग तो प्रश्न आला. जवळच्या नातेवाइकांपैकी किंवा मित्रांपैकी कुणाला या नात्याबद्दल माहीत नाही का, आणि नसेल तर का.

काकूंना सगळं माहीत आहे. माझ्या आई-बाबांनाही. ते जुलैमध्ये इथे येऊन राहिले, याच्या हातची आमटी त्यांना आवडली. पण सांगलीत, भावकीत, ते अजून म्हणतात की आमची मुलगी तिकडे मैत्रिणीबरोबर राहते. आत्याला माहीत नाही. मोठ्या काकांना माहीत नाही. खरं आहे ते लिहिलं : आई-वडिलांना माहीत आहे, विस्तारित कुटुंबातल्या काहींना नाही, कारण याचा घटस्फोट पूर्ण झालेला नाही आणि आमच्या समाजात लग्नाशिवाय एकत्र राहणं अजून उघड बोललं जात नाही. अधिकाऱ्याला आपल्याकडची रीत माहीत असेल असं धरून चालू नये. चार ओळींत समजावून सांगावी.

हे लिहिल्यावर मात्र मला राहवलं नाही. आई-बाबांचं पत्र हवं. संध्याकाळी फोन केला. आई लगेच हो म्हणाली. बाबा म्हणाले, "लिहून द्यायचं म्हणजे विचार करून द्यावं लागेल. बघतो."

२१ एप्रिल

बाबांची दोन पत्रं आली.

बाबा तलाठी होते. आयुष्यभर सातबारा आणि फेरफार लिहिले, त्यामुळे लिहून देणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. पहिलं पत्र त्यांच्या वळणदार अक्षरात, जावक क्रमांक टाकावा तसं. "अर्जदार व आमची कन्या हे सदर पत्त्यावर एकत्र वास्तव्यास असल्याचे आम्ही समक्ष पाहिले आहे." सगळं बरोबर. नातं काय ते कुठेच नाही.

मी त्यांना काही म्हटलं नाही. फोनवर फक्त एवढंच विचारलं की पत्र वाचणाऱ्याला आम्ही कोण आहोत ते कळेल का. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे पत्र कुणाकुणापर्यंत जातं?" मी सांगितलं, अधिकाऱ्याकडे, आणि मराठीतून इंग्रजी करायला एका अनुवादकाकडे. घरच्यांनी केलेला अनुवाद चालत नाही. "म्हणजे मराठी माणूस वाचणार." "हो बाबा." "बरं."

चार दिवसांनी दुसरं आलं. त्यात आहे : "आमची मुलगी आणि तिचा जोडीदार. आम्ही त्याला घरचा मानतो. त्याचे पूर्वीचे लग्न मोडले आहे व न्यायालयात काम चालू आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. ते पुरे झाल्यावर यांचे लग्न आमच्या दारात करण्याचा आमचा विचार आहे." खाली आईचीही सही, फोन नंबर, आधार कार्डाची प्रत. आणि पाकिटात एक कागद होता जो मी मागितला नव्हता, मला सुचलाही नव्हता. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दिवाळीचा फराळ पाठवला होता त्या कुरिअरची पावती. घेणाऱ्याच्या रकान्यात आमची दोघांची नावं, बाबांच्या अक्षरात, हा पत्ता. सांगलीतल्या दुकानाच्या काउंटरवर उभं राहून त्यांनी ती दोन नावं शेजारी शेजारी लिहिली होती, तेव्हा अर्जाचा विषयही नव्हता.

पावती पुराव्यांच्या पहिल्या पानांत लावली. हा ती हातात घेऊन बराच वेळ बसला होता.

४ मे

आयएमएम ५४०९, कॉमन-लॉ नात्याचं शपथपत्र. दोघांनी मिळून करायचं, सही कमिशनर ऑफ ओथ्स किंवा नोटरीसमोर. आधी घरी सही करून नेऊ नये, ती त्यांच्यासमोरच व्हावी लागते. मी माझ्या कंपनीच्या आरोग्य विम्यात याचं नावही घातलं. आमच्या योजनेत त्यालाही एक वर्षाची अट होती, म्हणून आत्ता जमलं.

त्याच दिवशी आयएमएम १३४४, म्हणजे स्पॉन्सरचा अर्ज आणि हमीपत्र, वाचून काढला. स्पॉन्सर म्हणून माझं हमीपत्र तीन वर्षांचं, हा पीआर होईल त्या दिवसापासून. या काळात याने सरकारी मदत घेतली तर ती मला भरावी लागेल. नातं तुटलं तरी हमी तुटत नाही. सही करण्यापूर्वी प्रत्येक स्पॉन्सरने हे पान दोनदा वाचावं. याच फॉर्ममध्ये विचारतात की स्पॉन्सर अपात्र ठरला तर अर्ज पुढे न्यायचा की मागे घ्यायचा. मागे घेतला तर स्पॉन्सरशिपची फी वगळून बाकीची परत मिळते. पुढे नेला तर अपिलाचा हक्क राहतो.

१८ मे

शेड्यूल ए, पार्श्वभूमीचा फॉर्म. याचा गेल्या दहा वर्षांचा इतिहास, महिन्यागणिक, मध्ये एकही रिकामी जागा न ठेवता. नोकरी नसलेले महिनेही लिहायचे. पत्त्यांचंही तसंच. नाशिक, पुणे, पुन्हा नाशिक, मग इथलं कॉलेज. २०२१ च्या स्टुडंट परमिटच्या अर्जाची प्रत समोर ठेवून भरलं, कारण तेव्हा विवाहित असं लिहिलेलं होतं आणि तेव्हा तेच खरं होतं. दोन अर्जांतला फरक तारखेने समजला पाहिजे.

नावांचं एक सांगते. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात येतं. सगळ्या फॉर्मवर ते पासपोर्टप्रमाणेच लिहायचं, मग बँकेच्या कागदावर वडिलांचं नाव नसलं तरी. तो फरक पत्रात एका ओळीत सांगितला.

७ जून

भारतीय पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला, भारतीय दूतावासाचे अर्ज घेणाऱ्या बीएलएस केंद्रामार्फत मिळालं. गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त जिथे राहिलो त्या देशाचं लागतं. कॅनडाचं मागत नाहीत. रोजनामा आणि बाबांचं पत्र यांचे अनुवादही आले. अनुवादक ऑन्टारिओच्या संस्थेचे प्रमाणित आहेत, त्यामुळे वेगळं प्रतिज्ञापत्र लागलं नाही. बाबांच्या पत्रातल्या "आमच्या दारात" या शब्दांसाठी त्यांनी मला फोन करून विचारलं, आणि शेवटी म्हणाले, वडिलांना नमस्कार सांगा.

१५ जून

आम्ही जून २०२५ मध्ये भरलेली फी : स्पॉन्सरशिप ८५, अर्ज ५४५, पीआरच्या हक्काची ५७५, बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५. एकूण १,२९० डॉलर. हक्काची फी नंतरही भरता येते, पण आत्ताच भरली म्हणजे शेवटी थांबायला नको.

पीआर पोर्टलवर सगळं चढवलं. पीडीएफ फॉर्म अॅडोब रीडरमध्येच उघडावे, ब्राउझरमध्ये ते नीट चालत नाहीत. पुरावे विषयवार जोडले, प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर आत काय आहे त्याची यादी. अधिकारी आमच्या कागदांना किती वेळ देईल ते आमच्या हातात नाही. त्याला शोधावं लागू नये, एवढं आमच्या हातात आहे. फोटो ५० बाय ७० मिलिमीटर, भारतीय पासपोर्टच्या मापाचा चालत नाही.

रात्री साडेदहाला सबमिट. काकूंना तिकडे सकाळी फोन केला, त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

१२ ऑगस्ट

पोच आली, अर्ज क्रमांक मिळाला. सोबत बायोमेट्रिक्सचं पत्र. स्टुडंट परमिटच्या वेळी दिलेले ठसे अजून वैध असले तरी पीआरसाठी पुन्हा द्यावे लागतात. सर्व्हिस कॅनडाच्या केंद्रात अपॉइंटमेंट घेतली. मेडिकलची सूचना अजून नाही. ती आली की विभागाच्या यादीतल्या पॅनेल डॉक्टरकडेच जायचं.

नाशिकची पुढची तारीख सप्टेंबरात आहे. वकील म्हणतात, सामानाच्या यादीवर बोलणी पुन्हा सुरू झाली आहेत. अर्ज चालू असताना घटस्फोट झाला तर वेबफॉर्मवरून लगेच कळवायचं आणि हुकूमनाम्याची नक्कल अनुवादासह जोडायची. नक्कल मागण्याचा अर्ज वकिलांकडे आधीच सही करून पाठवला आहे.

काल बाबांचा फोन होता. मोठ्या काकांना त्यांनी सांगितलं. काका काय म्हणाले ते विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. अर्जाला किती दिवस लागतात ते मात्र दोनदा विचारलं. आता ५५३२ मधलं ते उत्तर बदललं आहे. विभागाने पुन्हा कागद मागितले तर नवी माहिती द्यायची, अशी खूण फाइलवर करून ठेवली.